शेरा : गढूळ, नष्ट केले

आमच्या कॉलनीच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, तुम्ही त्या जीनच्या संशोधनात होतात ना, त्यावर काहीतरी लिहून द्या. मी आधी मागे वळून पाहिलं, दुसरं कुणी उभं आहे की काय म्हणून. मी त्या संशोधनात होतो हे खोटं नाही, पण पंगतीत पाणी वाढणारा लग्नात असतो तितपतच. नाशिकच्या एका फार्मसी कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक होतो. नोकरी चौतीस वर्षं झाली. बाटल्या धुवायच्या, द्रावणं करून ठेवायची, लेबलं लावायची आणि पोरापोरींनी बिघडवून ठेवलेलं फेकून द्यायचं, हे माझं काम. यातलं शेवटचं काम मी सर्वात मन लावून केलं. त्याचंच हे पुराण आहे.

फेकण्यालाही शिक्षण लागतं. माझं शिक्षण साठेसरांच्या हाताखाली झालं. सर सांगायचे, गोळी जरा वाकडी झाली तर पोट ती सांभाळून घेतं, पण इंजेक्शन सरळ रक्तात जातं, तिथे सांभाळून घेणारं कुणी नाही. म्हणून इंजेक्शनचं औषध काचेसारखं स्वच्छ पाहिजे. ते बघायला आमच्याकडे एक लाकडी पाटी होती, अर्धी काळी आणि अर्धी पांढरी, वर ट्यूबलाइट. बाटली हळूच उलटी करायची आणि पाटीसमोर धरायची. काळ्या भागावर पांढरे कण दिसतात, पांढऱ्यावर काळे. काही दिसलं, की बाटली बाद. त्यावर चर्चा नाही.

नव्वदच्या आसपास एकदा कॉलेजची तपासणी करायला समिती आली होती. प्राचार्यांनी हौसेने स्वतःच्या हाताने सलाईनची बाटली तयार केली आणि समितीसमोर माझ्याकडे दिली, की पाहा आणि पास करा. मी पाहिली. आत एक धागा तरंगत होता, निळा. प्राचार्यांच्या अंगात निळा स्वेटर होता. मी सगळ्यांसमोर बाटली बाद केली आणि कारणाच्या रकान्यात ‘लोकर’ असं लिहिलं. प्राचार्य महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. समितीने मात्र जाताना माझ्या पाठीवर थाप मारली, आणि तिथून माझं डोकं जे वर गेलं ते पुढे बरीच वर्षं खाली आलं नाही.

हे लिहिताना वडील आठवतात. आमचं घराणं रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करणारं, आडनाव गायधनी. आषाढ-श्रावणात गोदेला पूर आला की पाणी चहाच्या रंगाचं होतं. वडील तेच पाणी तळहातावर घेऊन आचमन करायचे आणि मी काठावर उभा राहून तोंड वाकडं करायचो, कारण कॉलेजात मी तेच पाणी नळाने आल्यावर दोनदा डिस्टिल केल्याशिवाय बाटलीला लावत नसे. एकदा ते म्हणाले, “अरे, गढूळ आहे म्हणून ती गंगा नाही असं कुठे असतं का?” मी त्यांना पाण्यातल्या जंतूंची नावं लॅटिनमध्ये ऐकवली. असा मुलगा वैऱ्यालाही होऊ नये.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, पुढे लागेल. फेकलेल्या मालाचं एक रजिस्टर असे, ते नोकरीत आठ-नऊ वर्षं झाल्यावर माझ्याकडे आलं. तारीख, बाटली कुणाची, कारण, पुढे काय केलं, सही. यात खाडाखोड करायची नाही, पांढरी शाई लावायची नाही. चूक झालीच तर मजकुरावर एक सरळ रेघ ओढायची, खालचं वाचता येईल अशी, आणि त्याखाली दुरुस्ती लिहून स्वतः सही करायची आणि एका साक्षीदाराची घ्यायची. पंचवीस वर्षांत माझ्या रजिस्टरात एकही रेघ नव्हती. हे मी नव्या पोरांना रजिस्टर उघडून दाखवत असे, न विचारता.

दोन हजारनंतर आमच्याकडे पीएच.डी. सुरू झाली आणि करंदीकरसरांच्या हाताखाली वैशाली बोरस्ते आली. निफाडची, द्राक्षवाल्यांची मुलगी. बोलायला कमी, कामाला वाघ. तिचा विषय काय, म्हणून मी विचारलं तर तिने स्टुलावर बसवून मला समजावलं. माणसाच्या काही आजारांचं मूळ असं, की त्याच्या पेशीत एखादी सूचना चुकीची लिहिलेली असते किंवा नसतेच. ती सूचना म्हणजे जीन. बरोबर सूचना बाहेरून आत पोचवली तर आजार मुळातून जाईल. पण नुसती टोचली तर ती वाटेतच रक्तात मोडून जाते. पेशीत शिरण्यात पटाईत म्हणजे व्हायरस. त्याच्यातलं वाईट काढून त्याच्या पाठीवर जीन द्यायची असा एक रस्ता आहे. पण व्हायरस तो व्हायरस, अंगात गेला की कधी काय करील सांगता येत नाही. म्हणून दुसरा रस्ता पॉलिमरचा. पॉलिमर म्हणजे रेणूंची लांबच लांब माळ. जीनवर ऋण भार असतो, या माळेवर धन भार, त्यामुळे दोन्ही एकमेकांना चिकटून बारीक गाठोडं होतं आणि पेशी ते गिळते.

इथपर्यंत मी नीट ऐकलं. मग ती म्हणाली, “आणि काका, हा साधा पॉलिमर नाही, स्मार्ट आहे. म्हणजे हुशार.”

इथे माझं बिनसलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी हुशार म्हटलं नव्हतं, आणि हे कालचं प्लास्टिक हुशार. ती पुढे बरंच सांगत होती, थंडीत असा वागतो, उष्णतेत तसा वागतो. मी मान हलवत होतो आणि मनात म्हणत होतो, चला, बाटल्या धुवायच्यात. माझ्या आयुष्यातली सर्वात महागडी मान मी त्या दिवशी हलवली.

तिच्या वडिलांना मात्र ते एका फटक्यात कळलं. नाना बोरस्ते एकदा द्राक्षांचा क्रेट घेऊन लेकीचं कॉलेज बघायला आले. माझं आडनाव ऐकल्याबरोबर वाकून नमस्कार केला, कारण त्यांच्या घराण्याचे विधी माझ्या वडिलांनी केलेले. तिथपासून मी त्यांचा गुरुजी. हातात बाटली घासायचा ब्रश असला तरी गुरुजीच. मी द्राक्षं खाण्याआधी त्यांच्यावरची पांढरी झाक नॅपकिनने खसाखसा पुसायला लागलो तर ते कळवळले. ती काही फवारणीची पावडर नाय, म्हणाले, ती द्राक्षाची अंगची झाक हाय, ती पुसली म्हंजे माल शिळा दिसतो. मी तरी पुसलंच.

लेकीचा विषय ऐकून ते म्हणाले, “म्हंजे स्टिकर ना? आमी औषधात टाकतो तो?” द्राक्षावर फवारायच्या औषधात चिकटणारं एक द्रव्य मिसळतात, नाहीतर औषध पानावरून ओघळून खाली जातं. त्याला सगळा निफाड-दिंडोरी पट्टा स्टिकर म्हणतो. करंदीकरसर हेच समजवायला दीड तास स्लाइड दाखवायचे. पुढे वैशालीने सांगितलं, की शरीराच्या उबेत हा पॉलिमर गाठोडं घट्ट धरून ठेवतो, आणि पेशीत शिरल्यावर थोडा गारवा दिला की सैल होऊन जीन सोडून देतो. नाना विचारात पडले. “पन मग मानसाला फ्रीजात ठिवायचं का?” असं त्यांनी विचारलं आणि करंदीकरसरांना एकदम एक मीटिंग आठवली.

आता माझं कृत्य. ते मे महिन्यात घडलं. भारनियमनाचे दिवस होते, सकाळी नऊला वीज जायची ती दुपारी तीनला यायची. वैशाली चुलतभावाच्या लग्नाला निफाडला गेली होती. सर परिषदेला बंगलोरला. तीन महिने खपून तिने केलेला पॉलिमर एका बाटलीत, फ्रीजमध्ये. वर लेबल, ‘वै. बो.’, आणि एक आकडा. पुण्याच्या एका संस्थेत जिवंत पेशींवर प्रयोग करायची तिला पाच दिवसांची वेळ मिळाली होती, दहा दिवसांनंतरची. ती वेळ वर्षातून एकदाच मिळायची, आणि तिच्या नोंदणीची मुदत त्याच वर्षी संपत होती. म्हणजे ती बाटली पुण्याला पोचली तर पीएच.डी., नाही पोचली तर चार वर्षं पाण्यात. हे मला माहीत होतं. माझा दोष अज्ञानाचा नाही.

दुसऱ्या शनिवारी फ्रीज साफ करायचा हा माझा शिरस्ता. सगळ्या बाटल्या काढून टेबलावर मांडल्या, फ्रीज सोड्याने पुसला, वाळवला. खिडकीतून ऊन टेबलावर येत होतं, पंखा बंद, खोली भट्टी झालेली. तासाभराने बाटल्या परत ठेवायला घेतल्या तर वै. बो. यांची बाटली पांढरीफटक. दुधासारखी! सकाळी पाण्यासारखी होती, मी स्वतः पाहिलेली. तरी घाई केली नाही. नियमाने पाटीसमोर नेली, उलटी केली. पाहायचं काय, पलीकडची पाटीच दिसत नव्हती. बुरशी किंवा जंतू, दुसरं काय असणार? झाकण सैल ठेवून पोरगी लग्नाला गेली, असं मी मनाशी ठरवलं आणि मला तिचा राग आला. बाटली मागच्या ओट्यावरच्या वेस्टच्या कॅनमध्ये रिकामी केली, साबणाने, मग ॲसिडने, मग डिस्टिल्ड वॉटरने धुतली आणि चकचकीत करून ओव्हनशेजारी उपडी ठेवली. रजिस्टरात लिहिलं : ‘वै. बो. गढूळ, नष्ट केले.’ सही. तेवढ्याने भागेना म्हणून खाली आणखी एक ओळ खरडली : ‘संशोधकांनी झाकणे नीट लावण्याची सवय करावी.’

सोमवारी वैशाली आली. हाताला मेंदी होती आणि माझ्यासाठी डब्यातून जिलबी आणली होती. फ्रीज उघडला, बंद केला, परत उघडला. मी तोंडात जिलबी घेऊन मोठ्या अभिमानाने ती धुतलेली बाटली दाखवली आणि रजिस्टरची नोंदही. तिने नोंद दोनदा वाचली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, “काका, तुम्हाला सांगितलं होतं ना हो मी.”

मग उठून एका परीक्षानळीच्या तळाला राहिलेले त्याच पॉलिमरचे दोन-चार थेंब तिने माझ्यासमोर धरले. स्वच्छ. नळी माझ्या मुठीत दिली आणि धरून ठेवा म्हणाली. मिनिटाभराने मूठ उघडली तर आत दूध. ती नळी तिने माठातल्या पाण्याच्या पेल्यात बुडवली, आणि दूध गेलं, पुन्हा पाणी. बत्तीस अंशांच्या खाली हा विरघळतो, वर गेला की गोळा होऊन गढूळ दिसतो. बिघडलेला नव्हता. हुशारी म्हणतात ती हीच.

मी म्हटलं, सरांना मी सांगतो. तर ती म्हणाली, सरांना सांगायचं नाही, तुमची दोन वर्षं राहिलीत नोकरीची. आणि मी गप्प बसलो. वयाने तिच्या बापाएवढा माणूस, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. याची लाज मला आजही वाटते, आणि ती गंमत म्हणून लिहिता येत नाही.

घरी गेलो. जेवलो नाही. बायकोने, सुमनने, काय झालं म्हणून विचारलं तर तिच्यावरच डाफरलो. ती ओट्याशी उभी होती. उकाड्याने दूध नासलं होतं, तिने ते फडक्यात ओतून वर टांगलं होतं. मी म्हटलं, नासलेलं फेकून का देत नाहीस? ती म्हणाली, “नासलं तर फेकतंय कोण? पाणी खाली गेलं, जे आपलं ते फडक्यात राहिलं. साखर घातली की कलाकंद. तुमच्या कॉलेजात फेकत असतील.”

मी तिथेच पाटावर बसलो. उकाड्याने फाटलं, जे आपलं ते फडक्यात राहिलं. आणि माझा कॅन! वेस्टची गाडी महिनाअखेरीला यायची. कॅन ओट्यावर जागच्या जागी होता. पॉलिमर त्यातच होता, फक्त वीस लिटर धुवणाच्या पाण्यात विरघळलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी वैशालीला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मग कागद घेऊन आकडेमोड केली. होईल, म्हणाली. पाणी चाळीस-पंचेचाळीस अंशांवर नेलं, थोडं मीठ टाकलं तर पॉलिमर गोळा होऊन बसेल. गरम असतानाच गाळायचं, गोळा थंड पाण्यात विरघळवायचा, परत तेच. पण वीस लिटर तापवायचं कशावर? वीज नाही. गॅसवर ठेवायचं तर कॅनमध्ये चुकून कुणी स्पिरिट ओतलेलं नाही याची खात्री फक्त माझी, आणि त्या दिवशी माझ्या खात्रीवर मी स्वतःही काडी ओढली नसती. राहिलं ऊन. मे महिन्याचं नाशिकचं ऊन फुकट होतं आणि त्याला भारनियमन नव्हतं.

तिने निफाडला फोन केला. नाना पिकअप घेऊन आले, त्यात लग्नाच्या मांडवातल्या आठ मोठ्या पराती. जिलबीचा पाक अजून कडेला लागलेला. त्या मी पाच-पाच वेळा धुतल्या, कारण इतकं होऊनही सवय ती सवय. कॉलेजच्या गच्चीवर पराती मांडल्या आणि कॅन त्यांत वाटून ओतला. गाळायला फडकं पाहिजे, मऊ, खळ नसलेलं, दाट विणीचं. सुमनने ट्रंकेतून वडिलांचं धोतर काढून दिलं. वर्षानुवर्षं गोदेत धुतलेलं. मी ते उकळून घेतलं, चार पदरी घडी केली आणि पातेल्याच्या तोंडाला बांधलं. बांधताना डोळ्यात पाणी आलं, ते उन्हाने नव्हे.

साडेअकरापर्यंत काही होईना. मी परातीवर वाकून बघतोय, स्वच्छ पाणी. जन्मभर ज्याची आस धरली ते स्वच्छ पाणी माझ्यासमोर आठ परातींत पसरलं होतं आणि मी मनातल्या मनात गढूळ हो, गढूळ हो, असा जप करत होतो. बाराच्या सुमाराला पहिल्या परातीत कडेने पांढरट झाक आली. मग दुसरीत. थर्मामीटर चव्वेचाळीस. वैशालीने मीठ टाकलं आणि पाहता पाहता पांढरे पुंजके होऊन तळाला बसायला लागले. नाना म्हणाले, लय झ्याक.

आणि ढग आला. वळवाचा, एकच, पण नेमका गच्चीवर. सावली पडली, वारा सुटला, थर्मामीटर उतरायला लागला. पुंजके थंड पाण्यात परत विरघळून गेले असते तर सगळं मुसळ केरात. नानांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं आणि शांतपणे त्या ढगाला अशी एक शिवी दिली की मी ती इथे लिहू शकत नाही. मग मला म्हणाले, “भिऊ नका गुरुजी. द्राक्षवाला हाय मी. ढगाला शिव्या द्यायची आमची पिढ्यान्‌पिढ्याची सवय हाय.” आम्ही तिघांनी पराती झाकणं आणि गाडीतली ताडपत्री घालून ऊब धरून ठेवली. दहा मिनिटांनी ढग एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांकडे सरकला आणि ऊन परत आलं. त्यानंतर वेळ घालवला नाही. नाना परात उचलणार, मी धोतरावर ओतणार, वैशाली खरवडणार. चार वाजता धोतरावर चिकट पांढरा गोळा होता, मूठभर. मी तो बघत बसलो. इतकी सुंदर घाण मी आयुष्यात पाहिली नव्हती.

पुढचे दिवस तो गोळा थंड पाण्यात विरघळवणं, परत तापवून बसवणं, मग सूक्ष्म छिद्रांच्या पातळ पिशवीत भरून दिवसभर बाहेरचं पाणी बदलत ठेवणं, म्हणजे मीठ आणि बाकीची भेसळ निघून जाते. शेवटी थंड असताना अगदी बारीक गाळणीतून काढला. वजन केलं. मूळच्या दोन तृतीयांश मिळाला होता. वैशाली म्हणाली पुरेल. मशीनवर तपासला, तोच होता, शुद्ध होता. सर बंगलोरहून आले तेव्हा तिने सांगितलं, पुन्हा एकदा शुद्ध करून घेतला. सरांनी शाबासकी दिली.

पुण्याला बाटली घेऊन मी बरोबर गेलो. रजा टाकून. एसटीत बर्फाचा थर्मास मांडीवर धरून बसलो होतो. सिन्नरपासून शेजारचे गृहस्थ त्याच्याकडे बघत होते. संगमनेरला त्यांनी विचारलंच, थंड पाणी आहे का हो? मी म्हटलं, औषध आहे. कशावरचं? मी म्हटलं, अजून ठरायचंय. ते दुसऱ्या सीटवर जाऊन बसले. नारायणगावला गाडी थांबली तेव्हा मी झाकण उघडून बाटली उजेडात धरली. काचेसारखी स्वच्छ. आणि स्वच्छ दिसली म्हणूनच मला शंका आली, ही खरंच चांगली आहे ना? बाजूला एक नमुन्याची छोटी कुपी होती, ती मुठीत धरून ठेवली. मिनिटभराने दूध. तेव्हा कुठे मी चहा घेतला.

पुण्यात तिने ज्या जीनवर प्रयोग केला ती आजाराची नव्हती. ती पेशीत पोचली तर पेशी निळ्या उजेडात हिरवी चमकते, एवढंच तिचं काम. पोचली की नाही ते कळावं म्हणून. तिसऱ्या दिवशी वैशालीने मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत काळोख होता आणि काळोखात हिरवे ठिपके. मी मोजले. अकरा. काळ्या पाटीवर मी जन्मभर ठिपके शोधले ते बाटली बाद करायला. हे पहिलेच, जे दिसले म्हणून आनंद झाला.

अकरा म्हणजे काही फार नव्हेत, हे सांगितलं पाहिजे. त्या पॉलिमरचं औषध झालं नाही. रस्ता लांब होता आणि पुढे इतरांनी वेगळे पॉलिमर काढले. पण प्रबंधाला अकरा पुरले.

तोंडी परीक्षा दीड वर्षाने झाली. ती सर्वांना खुली असते. हॉलमध्ये विद्यार्थी, प्राध्यापक, शेवटच्या बाकावर नाना, टोपी मांडीवर. मी पाण्याचे ग्लास ठेवायला. बाहेरच्या परीक्षक बाई मुंबईच्या होत्या, प्रबंधात जागोजागी चिठ्ठ्या खोचून आणलेल्या. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, की जीन सोडायला गारवा लागतो, मग रुग्णाला काय फ्रीजमध्ये ठेवणार? नानांनी सबंध हॉलवर एक नजर फिरवली. वैशालीने उत्तर दिलं, औषध हवं तेवढ्याच जागी बर्फाची पिशवी. बाईंनी मान डोलावली.

मग त्यांनी एक चिठ्ठी काढली. हा पॉलिमर एकदा शुद्ध केला, तो शुद्ध होता, तशी नोंद आहे. मग पुण्याला जाण्याच्या आठवड्यात तो दुसऱ्यांदा का शुद्ध केला? आणि वजन एक तृतीयांश कमी कसं? पहिल्या मालात असं काय होतं जे लपवावं लागलं? त्या आवाज न चढवता विचारत होत्या. संशय मालावर नव्हता, पोरीच्या खरेपणावर होता, आणि तो एकदा बसला की सगळा प्रबंध गेला. करंदीकरसरही चकित होऊन तिच्याकडे बघू लागले. वैशाली प्रबंधाची पानं उलटत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नाव न घेता खोटं काय सांगायचं ते ती शोधत होती, आणि खोटं बोलायची तिला सवय नव्हती.

माझी सहा महिने नोकरी राहिली होती. मी ट्रे खाली ठेवला.

“बाई,” मी म्हटलं, “ती बाटली मी फेकली होती. गढूळ दिसली म्हणून.”

मी जाऊन रजिस्टर आणलं आणि पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी वाचलं. झाकणांची ओळही वाचली. मग कॅन, पराती, मीठ, धोतर, ढग, सगळं मी सांगितलं, शिवी सोडून. बाईंचा चेहरा हळूहळू सैल होत गेला आणि ढगापाशी त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांनी वैशालीला विचारलं, हे प्रबंधात का नाही लिहिलं? ती म्हणाली, “काकांचं नाव खराब झालं असतं.” बाई म्हणाल्या, हे परिशिष्टात घाला, धोतरासकट. असं शुद्धीकरण मी कुठे वाचलं नाही.

अर्ध्या तासाने निकाल जाहीर झाला. नानांनी पेढ्यांऐवजी घरचे बेदाणे वाटले. करंदीकरसर जाताना माझा दंड दाबून गेले. मेमो आला नाही.

सगळे गेल्यावर मी रजिस्टर परत उघडलं. पट्टी घेतली आणि त्या नोंदीवर एक सरळ रेघ ओढली, खालचं वाचता येईल अशी. झाकणांच्या ओळीवरही. पंचवीस वर्षांतली पहिली. त्याखाली लिहिलं : ‘दुरुस्ती. बाटली चांगली होती. पाहणाऱ्याची चूक.’ सही केली.

साक्षीदार म्हणून वैशालीला बोलावलं. तिने पेन घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच नावाच्या आधी ‘डॉ.’ लिहून माझ्या चुकीखाली सही केली.